नानांनी उचललेली वीट

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी दुपारच्या अर्धवट झोपेत होते. काकूंचा आवाज कितीतरी वेळ मला स्वप्नातलाच वाटत राहिला. "नाना गेले गं..." एवढंच त्या म्हणाल्या. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. धुळ्याच्या सराफ गल्लीत त्यांचं चांदीचं छोटं दुकान होतं. कॉलेजसाठी मी देवपुरात त्यांच्याच घरी राहिले. त्यांनी मला लेकीसारखं वागवलं, म्हणजे लाड केले आणि ताटात अन्न टाकलं तर कानही उपटला. आता महिना उलटलाय, तरी दुपार झाली की मला ते दुकान दिसतं.

दुपारी गिऱ्हाईक तुरळकच असायचं. कुणी जुने चांदीचे कलदार रुपये घेऊन यायचं, कुणी धनत्रयोदशीला घेतलेला लक्ष्मीचा शिक्का... खरा की खोटा एवढंच त्यांना हवं असे. नाना शिक्का बोटाच्या टोकावर तोलायचे, दुसऱ्या नाण्यानं त्याच्या कडेला हलकेच टोला द्यायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. नाद संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा दुकानाचा नियम. अस्सल चांदीचा नाद लांबत, विरत जातो; भेसळ असली की बद्द आवाज येतो. मला वाटायचं, नाना त्या नादाबरोबर कुठेतरी दूर जाऊन येतात. चांदीची वीट काही अशी वाजत नाही, तिच्यावर ते बर्फाचा खडा ठेवायचे. चांदी गार-गरम झटकन पुढे पोचवते, त्यामुळे खडा बघता बघता पाणी होतो. तेवढ्या वेळात आम्ही सगळे त्या थेंबांकडे पाहत गप्प बसायचो. निकाल मात्र नाना फटकळपणे सांगायचे. एका बाईंचा शिक्का खोटा निघाला, तो जावयानं दिलेला. नाना म्हणाले, "ताई, शिक्का बदला, जावई राहू द्या."

अशा माणसाशी माझे वडील मात्र बोलत नव्हते. कारण आजीची वीट. आजीनं कापूस वेचून जमवलेल्या पैशांत जत्रेतल्या एका फिरत्या व्यापाऱ्याकडून चांदीची वीट घेतली होती. ती देव्हाऱ्यात असायची. दर धनत्रयोदशीला आजी ती चिंचेनं घासायची, हळदकुंकू वाहायची. लक्ष्मीला छेद द्यायचा नाही, म्हणून ती कधी कापून पाहिलीच नाही. आजी गेल्यावर वाटणी झाली. आमच्याकडे रीत अशी की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. नानांनी एकीकडे वीट ठेवली, दुसरीकडे आजीचे कलदार आणि दागिने. वडील पुढे होणार, तोच नाना म्हणाले, "वीट मी लेस. बाकी बठ्ठं तुले." वीट स्वतःला, बाकी सगळं धाकट्याला; भर भाऊबंदांत त्यांनी रीत मोडली. वडिलांनी मुकाट्यानं उरलेला वाटा उचलला आणि भावाशी बोलणं सोडलं. मला धुळ्याला ठेवलं तेही आईच्या हट्टामुळे.

एका उन्हाळ्यात मी सहज, गंमत म्हणून, देव्हाऱ्यातल्या विटेवर बर्फाचा खडा ठेवला. तो बसला तसाच बसून राहिला. मागे वळून पाहिलं तर नाना दारात उभे.

"तिच्या पोटात शिसं आहे," ते म्हणाले. "धंदा शिकायला लागलो तेव्हाच मला कळलं. पण माय दर धनतेरसला विचारायची, 'अस्सल शे ना रे?' मी म्हणायचो, 'बठ्ठी अस्सल शे, माय.'"

"मग पप्पांना तरी सांगा!" मी चिडलेच.

"काय सांगू? आपली माय फसली म्हणून? त्याला माझा राग येऊ दे, पोरी. मायचा नको."

कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला देव्हाऱ्यापुढेच शपथ घातली. मला ते मुळीच पटलं नव्हतं, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण नानांवर माझा जीव जडला तो त्या दिवसापासून.

दिवसकार्य आटोपल्यावर काकूंनी वीट आणून वडिलांपुढे ठेवली. "तुमच्या आईची आहे. आता तुम्ही न्या." वडिलांनी हात मागे घेतला. "त्याला पाहिजे होती ना? त्याच्याच घरात राहू द्या." गेलेल्या माणसावरचा तो राग मला ऐकवेना. मी शपथ मोडली आणि सगळं सांगून टाकलं. काकू नुसत्या मान हलवत राहिल्या, त्यांना ठाऊक होतं. वडिलांनी वीट उचलली. मग ते चपला घालू लागले.

परतताना एसटीत मी ती पिशवीत ठेवायला मागितली, त्यांनी दिली नाही. पारोळा मागे पडलं, बाहेर कपाशीची शेतं उन्हात तरंगल्यासारखी दिसत होती. गाडीच्या घरघरीत माझा डोळा लागत होता... एरंडोलच्या पुढे कधीतरी मला जाग आली. वडिलांनी वीट मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती आणि ते तिच्याशीच बोलत होते.

"भाऊ, मी तर हीच उचलणार होतो रे..."