भाऊजींची पाचवी क्रूझर

इथे आखातात, आमच्या जुफैरच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारे भाऊजी म्हणजे जगातल्या कुठल्याही विषयावरून तिसऱ्या वाक्याला शंभर वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश लाइट क्रूझरवर पोहोचणारा एकमेव माणूस. तुम्ही कांदे महागले म्हणा. ते कांद्यावरून बोटीवर, बोटीवरून कोळशावर आणि तिथून त्या आठ युद्धनौकांवर. एकाच आराखड्याच्या आठजणी, चिलखत पातळ, पळायला चपळ, आणि कोळसा सोडून निव्वळ तेलावर धावणाऱ्या त्यांच्या जातीतल्या पहिल्या. "त्यांनी आरमाराला तेलाची चटक लावली नसती, तर वहिनी, तुम्ही आज चिपळूणला पापड वाळवत असता!" दिवसभर मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये खरी जहाजं दुरुस्त करायची आणि घरी येऊन त्याच आठजणी पुठ्ठ्याच्या बनवायच्या. त्यांची बायको म्हणायची, "मला यांच्याशी बोलायचं तर आधी भोंगा वाजवावा लागतो."

तेव्हा मी तिशीतली, बिल्डिंगच्या गणपतीची स्वयंघोषित सेक्रेटरी. अंगात इतकी हवा की मलाच दोरीनं बांधून ठेवायला हवं होतं. त्या वर्षी भाऊजींनी आराशीसाठी त्यांची पाचवी क्रूझर दिली आणि बाप्पा तिच्या डेकवर विराजमान झाले. विसर्जनाला भाऊजी शिफ्टवर होते. पार्किंगमधल्या टबापाशी कुणीतरी विचारलं, "जहाज काढायचं ना?" मी शास्त्र कोळून प्यायल्यासारखी गरजले, "बाप्पा आसनासकट जातात!" मोरयाच्या गजरात क्रूझर खलास.

भाऊजी परतले, टबात वाकून बघत राहिले. "वहिनी, हिला जलसमाधी नव्हती हो. आठांतली एकच सुरुंगानं गेली. ही तर भंगारात गेली होती! तुम्ही इतिहासच बदललात." त्यानंतर पाहुण्यांशी माझी ओळख एकच: "शत्रूला जमलं नाही, ते यांनी टबात केलं."

यंदा भाऊजींची रेसिडेन्सी, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपली. बायको गेल्यापासून एकटेच होते. आता पुण्याला मुलाकडे निघाले. तिथे ताफ्याला जागा नाही, म्हणून ते घरोघर एकेक जहाज दत्तक देत फिरले. बँकवाल्या जोशांना एक, मआमीरच्या कांबळे फोरमनना दोन. उरलेली सातही गेली. माझी बेल काही वाजली नाही. मी नातीला म्हटलं, "मला काय करायचाय तो पुठ्ठा!" ती म्हणाली, "आजी, यू आर क्राइंग." म्हटलं, कांदा चिरतेय. हातात टीव्हीचा रिमोट होता.

जायच्या सकाळी बेल वाजली. दारात भाऊजी, हातात पाचवी. फुगलेली, वाकडी, फटीफटींत तीस वर्षांपूर्वीचा गुलाल.

"दुरुस्त नाही केलीत?"

"हिला हात लावला नाही. बाकीच्या मी नुसत्या बनवल्या, वहिनी. कामगिरीवर गेलेली ही एकच." मग बोट उगारून, "पाण्यापासून लांब ठेवा. तुमचा भरवसा नाही."

फ्रिजवर ठेवलीय. शेजारची फुलदाणी मी त्याच दिवशी काढून टाकली. हल्ली कांदे महागले की वरच्या रिकाम्या घराकडे बघून मोठ्यानं सांगते.