सातवा मणका

त्या काळी आमच्या माले गावात कोणी पडलं-झडलं की बघायला येणारा पहिला प्रश्न विचारी, "फोटू काढला का?" एक्स-रे हा शब्द फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. फोटो निघाला म्हणजे अर्धं दुखणं गेलं, अशी समजूत होती. निघालेला फोटो जाणत्यानं पाहावाही लागतो, हे आम्हांला माहीत नव्हतं. पुण्याच्या इस्पितळाला ते माहीत होतं, रविवार सोडून.

माझा थोरला भाऊ पेंढ्याची गंजी रचता रचता वरून डोक्यावर पडला, तो रविवारीच. मी पुण्याला कॉलेजात होतो आणि त्या दिवशी घरी आलो होतो. दादाचे हातपाय हलत होते, तोंड तर नेहमीसारखंच चालत होतं. मान तेवढी दुखत होती. पौडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मानेच्या दोन्ही बाजूंना तांदळाच्या पिशव्या लावल्या आणि मला बजावलं, "मणका मोडला असेल तर एका हिसक्यात माणूस कायमचा लुळा होतो. फोटो पाहून मान शाबूत आहे असं डॉक्टरनं सांगेपर्यंत याला उठवायचं नाही." मी ते वाक्य पाठ केलं. पाठांतरात मी पहिल्यापासून हुशार.

कोळशाच्या लॉरीत आडवं घालून त्याला पुण्याला आणलं, तेव्हा दुपारचे चार वाजले होते. एक्स-रेची खोली बंद होती. फोटो काढणारे गृहस्थ इस्पितळाच्या मागेच राहत. शिपायानं त्यांना वामकुक्षीतून उठवून आणलं. फोटो वाचणारे मोठे डॉक्टर मात्र लांब राहत, आणि त्यांना उठवण्याची पद्धत नव्हती. हाडं लोकांनी हवी तेव्हा मोडावीत, ती वाचली जातील सोमवारी दहानंतर, अशी पद्धत होती. तोवर पाळीवरच्या शिकाऊ डॉक्टरानं आपल्या अकलेवर भागवायचं.

"रविवारी दुपारी मान मोडायची असते का हो?" फोटोवाले कुलूप काढता काढता म्हणाले.

"चुकलं, सायेब," दादा पडल्या पडल्या म्हणाला. "पुढल्या खेपंला बेस्तरवारी मोडतो."

फोटोवाले हसले नाहीत. त्यांनी दादाला आत घेतलं. आतून त्यांचा आवाज आला, "केवढे हे खांदे! निम्मी मान यांच्यामागेच दडली."

"गोण्या वाहून झाल्यात जी," दादा म्हणाला. त्याला ती तारीफ वाटली.

अशा माणसाचे दोन्ही हात धरून पायांकडे ओढायचे असतात, म्हणजे खांदे खाली येतात आणि मान पुरती दिसते, हे मला नंतर कळलं. त्यासाठी आणखी एक माणूस लागतो. शिपाई चहाला गेला होता. मी दाराबाहेर उभा होतो, कारण दारावर 'आत येऊ नये' असं लिहिलं होतं आणि मला वाचता येत होतं.

फिल्म धुऊन बाहेर आली ती ओलीच. उजेडाची पेटी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत, आणि खोलीला कुलूप. शिकाऊ डॉक्टरानं ती निथळती फिल्म खिडकीशी धरली. वयानं तो माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं आणि मणके मोजले. सहा भरले. खाली खांद्यांचा पांढरा ढग होता. मानेत मणके सात असतात, एवढं शाळेच्या पुस्तकात होतं.

"डॉक्टर, सहाच दिसतात," मी हळूच म्हणालो.

"आपण काय शिकता?"

"बी. ए. मराठी घेऊन."

"मग अभंग मोजा. मणके आम्ही मोजतो." त्यानं फिल्म शिपायाकडे दिली. "मान ठीक आहे. बसवा त्यांना. गरम दूध द्या."

मी पुन्हा बोललो नाही. मोठ्यांना उलट बोलू नये, हे मला फार चांगलं शिकवलं गेलं होतं. डॉक्टरनं मान शाबूत आहे असं सांगितलं होतं. पौडची अट पुरी झाली होती. पिशव्या मी स्वतः काढल्या. शिपायानं आणि मी मिळून दादाला उठवलं.

तो बसला. दुधाचा पेला मी त्याच्या हातात दिला, तो त्याच्या बोटांतून निसटला. दादानं सांडलेल्या दुधाकडे पाहिलं, मग पायांकडे.

"माजं पाय कुटं ठिवलंस रं?" तो म्हणाला. मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसलो.

मोठ्या डॉक्टरांचा कागद सोमवारी दुपारी वॉर्डात आला. अक्षर सुंदर होतं. सातवा मणका दिसत नसल्यामुळे मत देता येत नाही. खांदे खाली ओढून पुन्हा फोटो काढावा. तोपर्यंत रुग्णास मुळीच हलवू नये. एकही चूक काढायला जागा नव्हती. शिकाऊ डॉक्टरानं तो वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मुळात पडणंच जबर होतं." दुसरा फोटो काढला. सातव्यावरून सहावा सरकलेला त्यात लख्ख दिसला. फोटोवाल्यांनी तो मला आपणहून दाखवला. काम चांगलं झालं होतं.

दादा त्यानंतर अकरा दिवस होता. छातीपासून खाली त्याला काही कळत नव्हतं, मग त्याच छातीत कफ भरला. डॉक्टरानं मात्र रोज येऊन त्याची विचारपूस केली.

मी घरी आलो तेव्हा आई ओटीवर बसली होती. तिनं विचारलं, "डाक्टर काय म्हनला?"

"पडणंच जबर होतं," मी म्हणालो.

तिनं मला जवळ बसवलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू संगं व्हतास ते लई बरं झालं बाबा. शिकल्याला मानूस व्हता. न्हाईतर आमी अडाण्यांनी त्येला उचलून बशिवला असता."

मी 'हो' म्हणालो.