ठोकळ्यावर उरलेल्या रेघा

मी चित्रातल्या बैलाला वरचे दात काढले. पुढचे, पांढरेशुभ्र, ओळीनं आठ. ढेपेच्या, म्हणजे सरकीच्या पेंडीच्या, दुकानाची जाहिरात होती, आणि ढेप खाऊन बैल खूश झालाय असं मला दाखवायचं होतं.

राजापेठेतल्या छापखान्यात लाकडी ठसे कोरणारे भाऊ तो कागद बराच वेळ न्याहाळत राहिले. मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "पाह्यलं काय?"

"काय?"

"बैल."

"पाहिलाय की."

"कवा?"

भाऊंनी मला बाहेर नेलं आणि रस्त्यात उभ्या असलेल्या बंडीच्या बैलाचा ओठ वर करून दाखवला. पुढं नुसती हिरडी.

"हा बिचारा जलमभर असाच खाऊन राह्यला," भाऊ म्हणाले, "अन् तुमी त्याले हसवून राह्यले."

अकोल्याहून मी चित्रकार व्हायला अमरावतीला आलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. वडिलांनी एक वर्ष दिलं होतं. तेवढ्यात कुणी आपण होऊन पुस्तकाची चित्रं मागितली तर ठीक, नाहीतर मामाच्या कापडदुकानात गज हातात घ्यायचा. मला त्या गजाची स्वप्नं पडत.

आता ते वर्ष आठवलं की एकच लांबलचक दुपार आठवते. मागं पायानं चालवायचं छापयंत्र झुलतंय, शाईचा वास डोळ्यांवर येतोय, छपराच्या कवेलूंच्या फटीतून उतरलेल्या उन्हात सागवानाचा भुसा तरंगतोय, आणि भाऊ ठोकळ्यावर ओणवे. पटाशी चालली की जीभ दातांखाली. मी शेजारी बसून रेघांमागून रेघा ओढी. कधी कधी वाटे, भाऊ, मी आणि तो ठोकळा एकाच झोपेत आहोत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती चूक एकदाच दाखवतात, पुढं गप्प राहतात, आणि आपण समजतो की आपल्या चुका संपल्या.

मला शैली हवी होती. मुंबईच्या एका मासिकातल्या पातळ, नागमोडी, एकमेकींत अडकलेल्या रेघा मी उचलल्या होत्या. पाटी धरलेल्या मुलीच्या परकराला मी चाळीस चुण्या काढल्या.

"पाह्यलं काय?"

"भाऊ, ही शैली आहे."

"असन बा," म्हणत त्यांनी कागद ठोकळ्यावर उलटा चिकटवला. त्या कागदावरूनच कोरायचं, म्हणून मूळ चित्र उरत नसे. छापून आलं तेव्हा परकराला चार चुण्या होत्या आणि मुलगी वाऱ्यात उभी असल्यासारखी दिसत होती. चुण्या न मोजताच, छापल्यावर माझ्या रेघेला उठाव येतो, असं मी अकोल्याला पत्रातून कळवलं.

वर्ष सरता सरता छापखान्याच्या मालकांनी आपण होऊन मुलांचं एक पुस्तक चित्रांसाठी मला दिलं. ते निघालं, खपलं. लोक म्हणाले, रेघ ओळखू येते. वडिलांनी गजाचा विषय काढला नाही.

त्या उन्हाळ्यात भाऊ गेले. तिवशाला, घरी, दोन दिवसांच्या तापात.

पुढच्या पुस्तकाचे ठसे मालकांनी नागपूरहून जस्तावर करून आणले. जस्तावर चित्राचा फोटोच उतरतो, त्यामुळे मी काढलं तसंच्या तसं छापून आलं. पानभर रेघांचं गवत माजलं होतं आणि त्यातून एका मुलीचा चेहरा बाहेर यायची वाट शोधत होता. वर्षभर भाऊ गुपचूप माझ्या रेघा छाटत होते, हे मला तेव्हा कळलं.

मालक पान बघून म्हणाले, "मांगच्या पुस्तकाचे चित्रं ज्याच्याकडून काढून घेतले, त्याच्याकडूनच आना. हे नाई चालत."

मी तिवशाला गेलो. घरात भिंतीवर बुद्ध होता. दीक्षा घेऊन आल्यावर भाऊंनी तो कोरला होता, आणि त्याच ठशावरून छापलेला वस्तीत घरोघरी लागला होता. मिटल्या पापण्यांच्या दोन रेघा, ओठांची एक, खांद्यावरून उतरणारी एक. मी मोजत गेलो आणि नऊवर संपल्या. बाहेर ऊन स्थिर उभं होतं. बघता बघता वाटलं, भिंत सावकाश श्वास घेतेय.

भाऊंच्या बायको, काकू, ज्वारी पाखडत होत्या. त्यांना मी सगळं सांगून टाकलं. लोक माझी म्हणून ओळखतात ती रेघ भाऊंची. आता मला पहिल्यापासून शिकायचंय, आणि शिकवणारं कुणी नाही.

सूप काही थांबलं नाही.

"काकू, भाऊ माझ्याबद्दल कधी काही बोलले का?"

"बोलत ना बापा. रोज आंगठ्याले तेल चोळून घेत माह्याकडून. म्हनत, त्या अकोल्याच्या पोट्ट्याच्या फालतू रेघा छाटू छाटू माहा आंगठा कामातून गेला."