शिवेवरचा नारळ

पहिलं महायुद्ध संपलं, युरोपात या देशातून त्या देशात जाणाऱ्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या आणि मी कापड रंगवायचं शिक्षण घ्यायला धुळ्याहून तिकडं निघालो. आईनं पिशवीत शेंडीसकट नारळ कोंबले. आमच्याकडं नवरी सासरी निघाली की गावाच्या शिवेवर नारळ फोडतात. पोरगा देशांच्या शिवा ओलांडणार म्हणजे नारळ हवेच. "शीव उनी का फोडजो," एवढंच तिनं बजावलं. त्या ओझ्याचा मला वाटभर भारी वैताग आला.

पहिल्याच सरहद्दीवर गाडी थांबली. बंदूकवाले शिपाई चढले आणि सामान उपसू लागले. त्यांच्या अधिकाऱ्यानं एक नारळ कानाशी धरून हलवला. आत पाणी डुचमळलं तसा तो पांढराफटक पडला. लढाई नुकतीच संपलेली, त्याला तो बॉम्बच वाटला असणार. मी नारळ त्याच्या हातातून घेतला, खाली उतरून फलाटाच्या कडेवर आपटला आणि दोन्ही देशांच्या शिपायांना खोबरं वाटलं. चांगलं चावून चावून खाल्लं त्यांनी. मग माझ्या सामानाला कोणी हात लावला नाही.

परतल्यावर हे सगळं मी आईला रंगवून सांगितलं. ती हसली नाही. शिवेवर बंदुका कशाला, हेच तिला उमगेना.

"शीव वलांडू देतस नही," ती म्हणाली, "मंग त्या लोके पोरी कोठे देतस?"