मनकर्णाबाईचं ‘टेक’

मनकर्णाबाईला इंग्रजीतलं एकच क्रियापद येत होतं, आणि तेही तिनं दातओठ खात शिकलेलं.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला. कापूस घेणाऱ्या साहेबाचा बंगला हिच्या मळ्याला लागूनच. विधवा बाई, रोज सकाळी वांग्यांची टोपली घेऊन त्याच्या मागच्या दारी बसायची आणि ऐकायची. साहेब ‘टेक’ म्हणाला की गडी ताटली उचले. ‘टेक’ म्हटलं की घोडा तबेल्यात जाई. खानसामा तापानं फणफणला, तर कडू औषधाचा पेला त्याच्यापुढे धरून पुन्हा तेच. बसायचं, नहायचं, एवढंच काय, दुपारी लवंडायचं, तरी हाच शब्द!

“ह्या मुडद्याचं घेतल्याबिगर काईच होत नाही,” ती जावेला सांगायची.

एक गोष्ट मात्र तिच्या डोळ्यांत सलायची. साहेब सगळ्यांना ‘टेक’ म्हणे. साहेबाला ते म्हणायची कुणाची छाती नव्हती.

एके दिवशी ती मळ्यात आली, तर वांग्यांच्या वाफ्यात खुंट्या ठोकलेल्या. शेजारी साहेबाचा दुभाषा केशवराव, धोतराचा सोगा सावरत उभा.

“काय जी केशवराव, माह्या वाफ्यात खुंट्या कोनं ठोकल्या?”

“रुई दाबायचं यंत्र बसणार इथं. सरकारचा हुकूम आहे, बाई. तो काही वांग्यांना विचारून येत नाही.”

नवऱ्यानं स्वतः खणलेली विहीर त्या खुंट्यांच्या आत होती. मळा गेला तर हातात उरणार होती नुसती टोपली. तिनं एकेक खुंटी उपटली, चिखलासकट ओच्यात भरली आणि बंगल्याच्या पुढच्या दारानं आत शिरली. साहेब चहा पीत होता. तिनं सगळा भारा त्याच्या अंगावर लोटला.

“टेक!”

साहेबाचे हात आपसूक पुढे आले. मागून केशवराव धापा टाकत पोचला, तसा साहेब त्याच्यावर खेकसला. ते इंग्रजी तिला कळलं नाही. घामानं निथळणारा केशवराव कळला. हुकूम-बिकूम काही नव्हता. ‘बाई राजी आहे’ असं त्यानं साहेबाला ठोकून दिलं होतं, हे खानसाम्यानं तिला नंतर सांगितलं.

साहेबाला दया आली, असं कुणी समजू नये. ऐन हंगामात कज्जेदलाली करायला त्याला सवड नव्हती, म्हणून यंत्र नाल्यापलीकडे गेलं.

पुढे लढाई संपली, भाव कोसळला, साहेबानं गाशा गुंडाळला. केशवरावाला कुणी दारात उभं करीना. एका सकाळी तो मळ्याच्या बांधावर येऊन खाली मान घालून उभा राहिला.

“मनकर्णाबाई, काही काम असलं तर...”

तिचा राग तसूभरही निवला नव्हता. तिनं कमरेचं खुरपं काढून त्याच्यापुढे धरलं.

“टेक,” ती म्हणाली. “अन् वाफ्यात शिरतानी वांग्यायले इचारजो.”