आभाळातला पाहुणचार

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते मला आजवर कळलेलं नाही. त्याबद्दल आधीच माफी मागते. तशी ही वही कोणी वाचणार नाही, ती पिठाच्या डब्यामागे असते. पण नानांबद्दल कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे, कारण नानांइतका चिक्कू माणूस सगळ्या खानदेशात नाही आणि नानांइतका उधळ्या माणूसही नाही, आणि हे दोघं एकाच सदऱ्यात राहतात.

नानांची जळगावात डाळमिल आहे. मेहरूणच्या तळ्याजवळ त्यांचं घर, तिथं मी बारा वर्षं स्वयंपाक करते. मिलच्या अंगणात चालताना नानांची नजर जमिनीवर असते. सांडलेला तुरीचा दाणा दिसला की वाकायचं, फुंकर मारायची, खिशात टाकायचा. आठवडाभराचे दाणे रविवारी माझ्यासमोर डब्यात ओततात आणि सांगतात, "बाई, आजचं वरण फुकटातलं." लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर किराणाची यादी लिहितात. कुठलीही वस्तू हातात आली की आधी दातानं चावून बघतात, डाळीची तशी सवय. एकदा मुलीनं परदेशातून सुगंधी साबण पाठवला, तोही चावला. म्हणाले, "ओला आहे अजून."

आता हा माणूस दर वर्षी विमानात सगळ्यात पुढच्या, सगळ्यात महाग खुर्च्यांवर बसून मस्कतला जायचा, हे सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल? मुलगी मस्कतला असते. लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा तिनं आईवडिलांना ती पुढची तिकिटं पाठवली. नाना कळण्याची भाकरी आणि ठेचा डब्यात घेऊनच चढले, कारण मोठ्या खुर्चीत बसलं म्हणून भूक इंग्रजी होत नाही, असं त्यांचं मत. विमान वर चढल्यावर तिथल्या पोरीनं उंच ग्लासात काहीतरी फेसाळ आणून दिलं. नानांनी वासावरून ओळखलं की ही द्राक्षाची दारू. ते आयुष्यात कधी थेंब प्यायले नाहीत. पण अक्कांना वाटलं लिंबू सोडा. त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि थोड्या वेळानं हसायला लागल्या.

अक्का म्हणजे नानांच्या बायको. माहेर भडगावचं, मोठ्या खटल्यात नांदलेल्या, त्यामुळे घरात हसायचं तर पदर तोंडाला लावून. त्या दिवशी पदर राहिला बाजूला. म्हणाल्या, "लग्नात तुमची घोडी माघारी फिरली होती ना? तुम्ही हौदापाशी तिच्या पाया पडत होता. मी माडीवरून पाहिलं होतं." नानांना पन्नास वर्षं वाटत होतं की ते कोणी पाहिलं नाही.

परत आल्यावर नाना माझ्या ओट्याशी येऊन उभे राहिले. मला म्हणाले, "बाई, हिला एवढं हसता येतं हे मला माहीतच नव्हतं." त्यानंतर दर वर्षी लग्नाच्या तारखेला, स्वतःच्या खिशातून, पुढच्या दोन खुर्च्या.

दारूचं कसं, असं मी एकदा घाबरत विचारलं. नानांनी नियम केलेला होता. "जमिनीवर पिली तर दारू. विकत घेऊन पिली तरी दारू. आभाळात, यजमानानं आपण होऊन हातात दिली, तर तो पाहुणचार. पाहुणचाराला नाही म्हणू नये." तरी अक्का पीत असताना नाना खिडकीकडे तोंड करून बसायचे. बायकोला पिताना बघणं त्यांना बरं वाटत नसे. मग मागून अक्कांचं हसू ऐकू आलं की वळायचे. दर वर्षी एक गोष्ट बाहेर यायची, मनात जपून ठेवलेली. नणंदेच्या बांगड्या कोणी लपवल्या होत्या, सासूबाईंच्या चहात मीठ कसं पडलं होतं. नाना वर्षभर त्या गोष्टीची वाट बघायचे.

गेल्या खेपेला अक्कांचे गुडघे फारच धरले होते आणि छातीचंही निघालं. डॉक्टर म्हणाले, "एवढी एक वारी करा, नंतर विमान नाही." म्हणजे शेवटचा ग्लास आणि शेवटची गोष्ट. अक्कांना धरायला म्हणून नानांनी मला बरोबर घेतलं. माझा पासपोर्ट काढला. तिकीट मात्र मागच्या स्वस्त भागातलं, पडद्याला लागून पहिली खुर्ची. "पडदा काही भिंत नाही, हाक ऐकू येईल," असं नाना म्हणाले. त्यामुळे पुढचं सगळं मी पडद्याच्या फटीतून पाहिलेलं आहे.

पोरीनं पाणी दिलं, गरम रुमाल दिला, संत्र्याचा रस दिला. नानांनी रुमाल चावायचा तेवढा बाकी ठेवला. मग थांबले. बराच वेळ थांबले. शेवटी पोरीला बोलावलं.

"बेटी, वो दूसरा नहीं आया. फेसवाला."

"सर, अब छोटी फ्लाइट में बंद हो गया है. सिर्फ लंबी फ्लाइट में मिलता है."

"छोटी? तीन हजार रुपयांचं पेट्रोल जाळून मुंबईला आलो आम्ही. छोटी कशी?"

नानांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. तिकिटाबरोबर आलेला, त्यावर उंच ग्लासाचं चित्र. पोरगी ओशाळली. म्हणाली, खर्च कमी करायला कंपनीनं नुकतंच बंद केलं, कागद जुना राहिला. हवं तर मागच्या भागात विकत मिळते, तिथून आणून देते.

"विकत?" नाना उभेच राहिले. वर पट्टा बांधा सांगणारा दिवा लागलेला होता. "विकत लिसन पाजू मी बायकोले?" म्हणजे विकत घेऊन पाजू का बायकोला.

अक्का त्यांचा सदरा ओढत होत्या. "बसा हो, लोक बघतात."

नानांना राग आला की त्यांची धुळ्याकडची अहिराणी वर येते. अख्ख्या विमानाला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "बघू दे बठ्ठासले! मन्ही बायकोले पेवानी शे! तेन्हासाठेच आनेल शे मी तिले!"

बघू दे सगळ्यांना, माझ्या बायकोला प्यायची आहे, त्यासाठीच आणलंय तिला, असं. बायको पिते हे जळगावात ज्या माणसानं भिंतीलाही सांगितलं नव्हतं, त्यानं ते शंभर-दीडशे माणसांना सांगितलं. आणि मग अक्का हसल्या. अशा हसल्या की संत्र्याचा रस नानांच्या धोतरावर सांडला. हसता हसता म्हणाल्या, "बसा आता. त्या हौदापाशीसुद्धा पाया पडता पडता असेच ओरडत होता तुम्ही. मला तेव्हाच पसंत पडला होतात." नाना बसले. मी पडदा सोडला, कारण मला रडू येत होतं आणि शेजारचा माणूस बघत होता.

पण व्यापारी तो व्यापारी. लिहून दिलेला माल दिला नाही, म्हणजे पूर्ण पैसे परत, असा नानांनी हट्ट धरला. मिलचे मुनीमजी इंग्रजीत पत्र लिहायचे आणि प्रत्येक पत्राला साक्षीदाराचा जबाब जोडायचा, तो माझा. "तूच लिही," नाना म्हणाले. "तुझं अक्षर बघून त्यांना दया येईल." मी लिहिलं, पडद्यामागून मी सगळं पाहिलं, ग्लास आला नाही. तेव्हापासूनच मला लिहायची सवय लागली. पहिल्या पत्राला माफी आली. तिसऱ्याला पॉइंट देतो म्हणाले. नानांनी विचारलं, "पॉइंट म्हणजे काय, चिंचोके?" सहाव्या पत्राला दोन्ही तिकिटांचे पूर्ण पैसे आले.

त्या दिवशी नानांनी विकतचे पेढे आणले. अक्कांनी अर्धा पेढा खाल्ला आणि शांतपणे म्हणाल्या, "मी तर ते कधी प्यायलेच नाही."

"काय?"

"पहिल्या वर्षी दोन घोट. कडू लागलं. नंतर ओठाला लावायचे आणि चहाच्या कपात ओतायचे. तुम्ही खिडकीकडे बघत असायचा. पण हातात ग्लास असला म्हणजे काहीही बोलता यायचं. बोललं ते प्याल्यामुळे, असं होऊन जायचं."

नानांनी पेढ्याच्या खोक्याचं झाकण लावलं. मग मला म्हणाले, "म्हणजे माल पोचला होता, बाई. शेवटच्या खेपेलाही पोचला होता. ती हसली, गोष्ट सांगितली. मी खोटे पैसे घेतले."

दुसऱ्या दिवसापासून कंपनीला फोन. "मुझे पैसा वापस करना है." तिकडून पोरगी म्हणायची, "सर, वापस हो चुका है." "वो नहीं, मुझे वापस करना है." पैसे परत घ्यायची सोय त्यांच्याकडे नव्हती. शेवटी नानांनी मुनीमजींना सांगितलं, त्याच कंपनीची, त्याच तारखेची, पुढची दोन तिकिटं काढा. आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "नाही गेलं तर पैसे बुडतात, असलंच तिकीट आहे ना? तेच द्या." भाव वाढला होता, वरचे पैसे त्यांनी स्वतःचे घातले.

काल ती तारीख होती. दुपारी चारला अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. अक्कांना मी धरून आणलं. नानांनी फर्मावल्याप्रमाणे लिंबाचं सरबत केलं, उंच ग्लासात. अक्कांनी ग्लास हातात घेतला आणि नानांनी सवयीनं तोंड फाटकाकडे फिरवलं.

"इकडे बघा हो," अक्का म्हणाल्या. "सरबत आहे."

नाना वळले. घड्याळ बघितलं. तिकडे मुंबईला विमान सुटलं होतं, पुढच्या दोन खुर्च्या रिकाम्या घेऊन. अक्का पदर न लावता हसल्या आणि कुठलीशी गोष्ट सांगायला लागल्या, मी आत पोळ्या टाकायला गेले म्हणून ती मला ऐकू आली नाही. नाना मात्र मधेच एकदा खिडकीतून मला म्हणाले, "बाई, सगळे फिटले."