नॉर्मलरावांचा सोमवार

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. हृदयरोग संशोधन विभागात झाडणाऱ्या मावशींपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना नॉर्मलराव म्हणत. काम तसं साधंच. पेशंट आला की त्याच्या छातीवरचे केस काढायचे, वायरींच्या चिकट्या लावायच्या, तोंडावर मास्क बांधायचा आणि ट्रेडमिलवर चढवून 'काही होत नाही हो, चाला' म्हणायचं. हे शेवटचं त्यांना फार छान जमे. घाबरून रडकुंडीला आलेला पेशंटही त्यांच्या एका 'चाला'वर मुकाट्याने पाऊल उचलायचा.

पण या गृहस्थांचा खरा रुबाब सोमवारचा. त्याचं असं आहे, चढावर चालता चालता माणूस पार थकला की त्याच्या शरीराने त्या घडीला किती ऑक्सिजन वापरला, हे ते मशीन सांगतं. आकडा मोठा म्हणजे हृदय आणि फुप्फुसं दमदार. आता मशीनच ते, त्याचंही डोकं कधी फिरतं. म्हणून दर सोमवारी, पेशंट यायच्या आधी, एका ठणठणीत माणसाला त्यावर दमेपर्यंत चालवायचं. त्याचा आकडा नेहमीइतका आला तर मशीन शहाणं, नाही आला तर मशीन बिघडलेलं. हा ठणठणीत माणूस म्हणजे नॉर्मलराव आणि त्यांचा आकडा छत्तीस. नऊ वर्षं छत्तीसच. लोकांचा छत्तीसचा आकडा सासूशी असतो, नाहीतर शेजाऱ्याशी. यांचा होता मशीनशी, आणि त्यावरच दोघांचं मेतकूट जमलं होतं.

नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या हृदयाची सोनोग्राफीही झाली होती. ती इतकी देखणी आली की मोठ्या साहेबांनी त्यातलं एक चित्र मोठं करून भिंतीवर लावलं. खाली ठळक अक्षरांत 'निरोगी हृदय'. डॉक्टरकी शिकणारी पोरं त्याच्याकडे बोट दाखवून पास झाली. एकदा बायको विसरलेला डबा द्यायला आली आणि ते चित्र बघून म्हणाली, "लग्नाला बावीस वर्षं झाली, मला कधी काळीज दाखवलं नाहीत, आणि इथे भिंतीवर टांगून ठेवलंय होय!" नॉर्मलराव लाजले. पण खरं सांगतो, त्या दिवशी त्यांचं पाऊल जमिनीला लागत नव्हतं. शाळेत दोनदा नापास, नोकरीत बढती नाही, भावकीत कुणी हिंग लावून विचारत नाही. अख्ख्या आयुष्यात पहिला नंबर आला तो या एका गोष्टीत.

आणि मग एका सोमवारी आकडा आला पस्तीस.

"मशीन," मोठे साहेब म्हणाले.

"मशीनच," नॉर्मलराव म्हणाले. बोलायला त्यांना जरा वेळ लागला, कारण धाप बसली नव्हती.

कंपनीचा माणूस आला, नळी बदलून गेला. काही आठवड्यांनी चौतीस. त्याने मास्क बदलला. तेहेतीस. मग बिचाऱ्याने आख्खं मशीन खोललं, पुसलं, जोडलं आणि कागदावर लिहून दिलं, 'दोष आढळला नाही.' साहेब भडकले. "दोष आढळला नाही म्हणजे तुम्हाला तो सापडला नाही!" कंपनीचा माणूस दबकत म्हणाला, "साहेब, एकदा दुसऱ्या कुणाला चालवून बघू का?"

"दुसरा नॉर्मल आहे कोण इथे?"

सगळ्यांनी आपापल्या पोटाकडे पाहिलं. साहेबांना रक्तदाबाची गोळी, आकडेमोड करणाऱ्या गृहस्थांना मधुमेह, मावशींचे गुडघे गेलेले. विषय तिथेच मिटला. आता बोला! हृदयाची तपासणी करणारी एवढी थोरली जागा, आणि समोर माणूस धापा टाकतोय, तर ही मंडळी स्क्रू तपासतायत.

तोडगा काढला आकडेमोडवाल्यांनी. त्यांना विभागात आकडेबहाद्दर म्हणत आणि ते त्याला पदवी समजत. ते म्हणाले, "मशीन कमी दाखवतंय ना? मग सरळ हिशेब आहे. सोमवारी नॉर्मलराव छत्तीसला जितके कमी पडतील, त्या प्रमाणात त्या आठवड्यात सगळ्या पेशंटचे आकडे वाढवून लिहू. दुरुस्ती झाली." साहेबांनी त्यांची पाठ थोपटली.

आता आकडा पहिल्यांदा घसरला त्याच सुमारास साहेबांनी पेशंटसाठी एक व्यायाम काढला होता. खुर्चीची पाठ धरायची, टाचा उचलायच्या, टाचा टेकवायच्या, रोज चाळीस वेळा. त्याचा गुण येतो का, हे बघायचं होतं. आणि काय सांगू, गुण आला की! महिन्यामागून महिना पेशंटचे आकडे चढत गेले. इकडे नॉर्मलराव तेहेतीसवरून बत्तीसवर, बत्तीसवरून एकतीसवर. तिकडे पेशंट धडाधड सुधारतायत. आठ महिन्यांत सोळा टक्के. साहेबांनी आलेख काढून तोही भिंतीवर लावला, निरोगी हृदयाच्या शेजारी. एखादा म्हातारा पेशंट म्हणायचा, "साहेब, पण जिन्यात दम तेवढाच लागतो." साहेब त्याला आलेख दाखवायचे. "तुम्हाला तसं वाटतं, आजोबा. सुधारलाय तुम्ही." म्हातारा कागदावरची आपली सुधारणा बघत, कठड्याला धरून घरी जायचा.

विभागातल्या धाकट्या डॉक्टरीणबाई तेवढ्या बेचैन होत्या. त्या एकदा साहेबांना म्हणाल्या, "सर, मामांची सोनोग्राफी परत एकदा करू या का?" सगळ्या हॉस्पिटलांत असल्या कामाच्या माणसाला मामाच म्हणतात, तशा त्याही म्हणायच्या. साहेबांनी भिंतीकडे हात केला. "हे काय आहे? काय लिहिलंय खाली?"  मग बाईंनी नॉर्मलरावांनाच गाठलं. "मामा, खरं सांगा, दम लागतो का?"

"छे हो मॅडम, मला कसला दम!" असं म्हणून ते चिकट्यांचा डबा आणायला आत गेले आणि कपाटाला टेकून उभे राहिले.

कारण त्यांना ठाऊक होतं. कुणाला नसलं तरी त्यांना ठाऊक होतं. घरचा जिना तीन मजल्यांचा. दुसऱ्या मजल्यावर थांबून ते मोबाइल काढायचे आणि काहीतरी महत्त्वाचं वाचल्यासारखं करायचे. बायकोने हे नाटक चार दिवस पाहिलं, पाचव्या दिवशी म्हणाली, "अहो, मोबाइल उलटा धरलाय."

"अगं, जरा थकवा आहे."

"थकवा नाही हा. मामंजी असेच जिन्यात टेकले, ते परत उठले नाहीत. तुमच्याच वयाचे होते." तिने मोबाइल त्यांच्या हातातून काढून घेतला. "रोज दहा डॉक्टरांत वावरता, एकाला सांगता येत नाही?"

"सांगितलं तर काय होईल कळतंय का तुला? सोमवारी पट्ट्यावर दुसराच येईल. भिंतीवरचं चित्र काढतील. मग मी कोण? नुसता चिकट्या लावणारा."

"चिकट्या लावणारा तर चिकट्या लावणारा. घरी तर येईल!"

नॉर्मलराव कठडा धरून वर निघाले. ते भ्याले होते. मरणाला तर भ्यालेच होते, पण सोमवार जाईल याला त्याहून जास्त भ्याले होते. असा असतो माणूस. त्याला हसा खुशाल, पण आपल्या घरातही एखादा असेलच, जरा बघा.

पुढच्या सोमवारी पाहुणे येणार होते. खुर्चीच्या व्यायामाचं नाव दूरवर गेलं होतं आणि तो सगळ्या हॉस्पिटलांत सुरू करावा का, हे ठरवायला तीन मोठे डॉक्टर येऊन बघणार होते. साहेबांनी नवा कोट घातला. नॉर्मलरावांना नवे बूट आणवले. सकाळी निघताना बायको दारात उभी राहिली. "आज सांगा. नाहीतर उद्या मी येते आणि सगळ्यांसमोर सांगते."

पाहुणे आले, खुर्च्यांवर बसले. पेशंटचे आकडे आम्ही दुरुस्त करूनच लिहितो, असं आकडेबहाद्दरांनी त्यांना अभिमानाने सांगितलं. साहेबांनी ओळख करून दिली. "हे आमचे नॉर्मलराव. आमचं सगळं संशोधन यांच्या जोरावर उभं आहे." हे वाक्य साहेब कौतुकाने म्हणाले आणि त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात खरं वाक्य होतं.

पट्टा सुरू झाला. पहिला चढ गेला. दुसऱ्या चढाला नॉर्मलरावांच्या छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. मास्कमध्ये श्वास घुमायला लागला. समोर साहेब छडीने आलेख दाखवत होते, पेशंट कसे महिन्यामागून महिना सुधारले ते. नॉर्मलराव बघत होते. कठड्याला धरून जाणारे म्हातारे त्यांनी स्वतःच्या हातांनी जिन्यापर्यंत सोडले होते. ते सुधारले नव्हते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि आता हाच व्यायाम देऊन देऊन अजून किती जणांना 'सुधारलाय तुम्ही' म्हणून घरी पाठवणार होते हे लोक! त्या दम लागणाऱ्यांच्या गर्दीत आपणही आहोत, हेही त्यांना एकदम दिसलं. तिसरा चढ लागला. डोळ्यांपुढे काळोखी आली.

त्यांनी लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. मास्क ओढून काढला.

"साहेब, मशीन चांगलं आहे," ते म्हणाले. मग पुढचं बोलायला श्वास घ्यावा लागला. "मला दम लागतो."

साहेब पाहुण्यांकडे बघून हसले. "पाहुणे बघून जरा बावरलेत. तसे नॉर्मल आहेत."

धाकट्या डॉक्टरीणबाई तोवर पुढे झाल्या होत्या. त्यांनी नॉर्मलरावांना स्टुलावर बसवलं, मनगट धरलं, शर्टाची वरची बटणं सोडली. "किती दिवसांपासून लागतो, मामा?"

"झाले आठ महिने, मॅडम. घरी फोन लावता का एक? म्हणावं, सांगितलं एकदाचं."

पाहुण्यांतले सगळ्यात वयस्कर डॉक्टर इतका वेळ वहीत काहीबाही टिपत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि भिंतीवरच्या आलेखाकडे पाहिलं. मथळ्यातले आठ महिने त्यांनी वाचले, परत वाचले. मग आकडेबहाद्दरांकडे वळून अगदी सौम्यपणे विचारलं, "पेशंटच्या आकड्यांची दुरुस्ती करता म्हणालात ना मघाशी? ती कशावरून करता?"

 आकडेबहाद्दरांनी हात उचलला आणि स्टुलावर बसून धापा टाकणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं.